राजवाड्याचें अंतरंग आणि कॅमेऱ्याचा डोळा

एखाद्या जुन्या राजवाड्याच्या छायाचित्रांचा संग्रह पाहावयास घेतला कीं, बहुतेक वेळां आपल्या वाट्यास येतो तो त्या वाड्याचा बाह्य थाट. महाद्वार, बुरूज, नगारखाना, समोरची बाग आणि फार तर अंगणांतलें कारंजें. हें सर्व पाहण्यासारखें असतें, नाहीं असें नाहीं; पण मनुष्य राहतो तो महाद्वारांत नव्हे, आंतल्या दालनांत. ज्या खोलींत मसलती झाल्या, ज्या जिन्यावरून रात्रीं-अपरात्रीं जासूद धांवत वर गेले, ज्या खिडकीशीं बसून कोणा आजारी माणसानें बाहेरच्या झाडांकडे पाहिलें, त्या जागा चित्रांत क्वचितच आढळतात. वाड्याचा लौकिक बाहेरून दिसतो. त्याचें आयुष्य मात्र आंत गेलेलें असतें.

असें कां व्हावें, याचीं कारणें दोन आहेत. पहिलें कारण उघड आहे. महाद्वारासमोर कोणीहि उभा राहूं शकतो. दिवाणखान्याचा उंबरठा ओलांडावयाचा तर धन्याची परवानगी लागते. दुसरें कारण कलेचें आहे. उघड्यावरचें चित्र सूर्य काढून देतो. आंतलें चित्र काढतांना अंधाराशीं झुंजावें लागतें, आणि त्या झुंजींत पुष्कळांचा धीर सुटतो. या दोन्ही अडचणींतून वाट काढून ज्यांनीं राजवाड्यांचीं व मंदिरांचीं अंतरंगें टिपलीं, त्यांची कला कशांत होती, ती आपल्या मुंबईंतल्या एका जुन्या वाड्याला लावून पाहिली तर काय हातीं लागतें, आणि तिचा आपल्या साध्या घरांशीं कांहीं संबंध पोहोंचतो कीं नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

अकरा वर्षांचें अंतर

प्रथम पुण्याकडे वळूं. कारण राजवाड्याचें अंतरंग चित्रांत राहिलें नाहीं म्हणजे काय होतें, हें शनिवारवाड्याइतकें स्पष्टपणें दुसरें कोणी सांगत नाहीं. पहिल्या बाजीरावानें १७३० सालीं या वाड्याचा पाया घातला व १७३२ सालीं त्याची वास्तुशांति झाली. पुढें जवळजवळ नव्वद वर्षे मराठ्यांच्या राज्याचा कारभार येथून हालला. १८१८ सालीं राज्य गेलें आणि वाडा इंग्रजांच्या ताब्यांत आला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं त्यास आग लागली आणि आंतल्या इमारती जळून खाक झाल्या. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोतीं.

आतां दुसरें साल ध्यानांत घ्यावें. फ्रान्समधील डागेर याची छायाचित्रणाची रीति पॅरिस येथें जाहीर झाली, ती १८३९ च्या ऑगस्ट महिन्यांत. म्हणजे वाडा जळाला आणि कॅमेरा जन्मास आला, यांच्यामध्यें अवघीं अकरा वर्षे आहेत. शें-दीडशें वर्षे नव्हेत, एक तपसुद्धां नव्हे. हा वाडा आणखी थोडीं वर्षे टिकता, तर त्याच्या एका तरी दालनाचें छायाचित्र आज आपल्या हातीं असतें.

गणपति रंगमहालाची कल्पना करावयाची तर आज आपण एका तैलचित्राकडे वळतों. १७९० सालीं इंग्रजांचा वकील मॅलेट यानें सवाई माधवरावाच्या दरबारांत तह केला, तो प्रसंग त्या चित्रांत आहे. जेम्स वेल्स या चित्रकारानें पुण्यास राहून त्यासाठीं माणसांचे चेहरे व इतर अभ्यास टिपून ठेविले. पण १७९५ सालीं तो वारला. अखेर टॉमस डॅनियल यानें विलायतेंत तें चित्र १८०५ सालीं पुरें केलें. चित्र भव्य आहे यांत शंका नाहीं. परंतु डॅनियल त्या दरबारांत हजर नव्हता, आणि दरबाराचें चित्र हें झालें तरी सजवून बसविलेलें दृश्य. खांबांच्या तळाशीं घांसून गेलेली जमीन, कोपऱ्यांत उभी करून ठेवलेली समई, पुरुषाच्या उंचीवर भिंतीला लागलेला हाताचा मळ, अशा गोष्टी चित्रकार गाळतो. कॅमेरा गाळीत नाहीं. त्या अकरा वर्षांत आपण काय गमाविलें तें हेंच.

पुण्यांतच दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा उभा आहे. त्याच्या दिवाणखान्यांतील सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब पाहिले म्हणजे शनिवारवाड्यांत काय असेल याचा थोडासा अदमास बांधतां येतो. पण अदमास तो अदमासच.

परळचा वाडा

मुंबईस पेशव्यांचा वाडा नव्हता. परंतु राजसत्तेचें घर म्हणावें असा एक जुना वाडा आपल्या अगदीं परिचयाच्या भागांत उभा आहे. लालबागहून परळकडे येणाऱ्या हजारों माणसांना के. ई. एम. आणि टाटा हीं रुग्णालयें ठाऊक असतात. त्यांच्याच शेजारीं, आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे, हेंहि ठाऊक असतें. पण या संस्थेचें मुख्य घर म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचा जुना राजवाडा होय, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो असा.

या वास्तूचें मूळ पोर्तुगीज काळांतलें. जेझुइट पंथाच्या पाद्र्यांचें येथें ठाणें व प्रार्थनामंदिर होतें. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ती जागा इंग्रजांच्या हातीं आली. कोटांतल्या दाटींतून बाहेर पडून हवा खाण्यासाठीं गव्हर्नर इकडे येऊं लागले आणि १७७१ सालीं गव्हर्नर हॉर्नबी यानें येथेंच आपलें निवासस्थान केलें. पुढें माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकीर्दींत वाड्याचा विस्तार झाला. बिशप हेबर १८२५ सालीं येथें पाहुणा होता. एकावर एक बांधलेल्या, पाऊणशें ते ऐंशी फूट लांबीच्या दोन देखण्या दालनांचें वर्णन त्यानें करून ठेविलें आहे. त्यांपैकीं खालचें भोजनाचें दालन हें मूळचें प्रार्थनामंदिर. जेथें पूर्वीं गुडघे टेकून प्रार्थना होत, तेथें मेजवान्यांचीं मेजें मांडलीं गेलीं, आणि त्याच्या माथ्यावरच्या दालनांत नृत्यसमारंभ होऊं लागले. १८७५ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस आले तेव्हां त्यांचा मुक्काम याच वाड्यांत होता.

मग दिवस पालटले. भोंवतालीं गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं, वस्ती दाटली, हवा बिघडली. १८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच वाड्यांत पटकीनें वारल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत गव्हर्नरांचें बिऱ्हाड मलबार पॉइंटला हाललें व वाडा ओस पडला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. त्या साथींत या वाड्याचें इस्पितळ झालें. मेजवान्यांच्या घरांत रोग्यांच्या खाटा आल्या. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतल्या अपुऱ्या जागेंत प्लेगची लस सिद्ध केली होती, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली होती. त्यांची प्रयोगशाळा १८९९ च्या ऑगस्टमध्यें या वाड्यांत आली. १९२५ सालीं संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें.

या लशीची एक गोष्ट घरांतल्या मंडळींना गंमतीची वाटेल. कांचेच्या चंबूंत रस्सा भरून त्यांत प्लेगचे जंतु वाढवीत आणि रश्श्याच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडीत. त्या तुपाला धरून जंतूंच्या वाढीचे धागे खालीं लोंबूं लागत. ज्या वाड्यांत विलायती मद्याचे पेले किणकिणले, त्याच वाड्यांत पुढें आपल्या स्वयंपाकघरांतलें तूप लोकांचे प्राण वाचविण्याच्या कामीं आलें.

प्रार्थना, मेजवानी, नृत्य, रोगशय्या, प्रयोगशाळा: एका छपराखालीं इतकीं स्थित्यंतरें भोगलेलें अंतरंग मुंबईंत तरी दुर्मिळच. छायाचित्रकाराला याहून उत्तम विषय कोणता मिळणार?

मुंबईंत कॅमेरा आला

शनिवारवाड्याला कॅमेरा भेटला नाहीं, पण मुंबईनें तो फार लवकर जवळ केला. १८५४ सालीं येथें छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. त्या मंडळींत केवळ साहेब नव्हते. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले छायाचित्रकार होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेंत ही विद्या शिकविण्याचा वर्ग निघाला आणि त्यांतून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे धंद्यांत नांव मिळविणारे लोक बाहेर पडले. परदेशांतून आलेली एक नवी विद्या सुशिक्षित मराठी माणसानें पंधरा-वीस वर्षांच्या आंत आत्मसात् केली, ही गोष्ट अभिमानानें सांगण्यासारखी आहे.

राजवाड्यांच्या अंतरंगांचा विषय निघाला म्हणजे मात्र एक नांव घ्यावेंच लागतें. तें राजा दीनदयाळ यांचें. १८४४ सालीं मीरतजवळच्या सरधना येथें त्यांचा जन्म झाला. रुडकीस स्थापत्याचें शिक्षण घेऊन ते इंदुरास सरकारी बांधकाम खात्यांत नोकरीस लागले आणि तेथेंच त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला. पुढें निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून ते हैदराबादेस गेले. १८९६ सालीं त्यांनीं मुंबईंतहि आपली चित्रशाळा उघडली. १९०५ सालीं त्यांचा अंत झाला तो मुंबईंतच. त्यांच्या कांचपटांपैकीं अडीच हजारांहून अधिक पट आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत जतन केलेले आहेत. पडद्यांतील स्त्रियांना निःसंकोचपणें चित्र काढवून घेतां यावें म्हणून त्यांनीं १८९२ सालीं हैदराबादेस एक निराळी चित्रशाळा काढली होती व तिचें काम एका इंग्रज बाईंकडे सोंपविलें होतें.

दीनदयाळांनीं काढलेलीं महालांचीं अंतरंगें पाहतांना त्यांचें स्थापत्याचें शिक्षण जाणवतें. खांब ओळंब्यांत उभे असतात; मेज, खुर्च्या, झुंबरें आपापल्या जागीं नीट दिसतात; कोठेंहि गोंधळ नाहीं. अशीं चित्रें धन्याच्या सांगण्यावरून काढलीं जात, हें मात्र विसरूं नये. धन्याला आपलें वैभव दाखवावयाचें असे. म्हणून दिवाणखाना आला, मुदपाकखाना आला नाहीं. झुंबर आलें, तें पुसणारा मनुष्य आला नाहीं. त्यांच्या कलेबद्दल पूर्ण आदर ठेवूनहि, आपण पुढच्या पिढीनें ही उणीव भरून काढली पाहिजे.

उजेडाचें गणित

आतां प्रत्यक्ष कामाकडे येऊं. अंधाऱ्या दालनांत आपण शिरलों म्हणजे प्रथम कांहीं दिसत नाहीं. मग डोळा सरावतो आणि खिडकीबाहेरचें झाडहि दिसतें व कोपऱ्यांतली पेटीहि दिसते. कॅमेऱ्याच्या अंगीं हा गुण फार थोडा. कोपरा दिसेल इतका उजेड घ्यावा तर खिडकी पांढरीफटक होते आणि तिच्याभोंवतीं प्रभावळ पसरते. खिडकी नीट यावी म्हणून उजेड आंखडावा तर कोपरा काजळींत बुडतो. अंतरंगाच्या छायाचित्रणांतली सारी विद्या या एका पेंचाभोंवतीं फिरते.

जुन्या लोकांनीं यावर साधे उपाय शोधले होते. ज्या बाजूनें ऊन थेट येत नाहीं त्या बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवावयाच्या. ऊन येत असेल तेथें पातळ कापड टांगावयाचें. आभाळ भरलेलें असेल असा दिवस निवडावयाचा. आपल्या मुंबईच्या पावसाळ्याला लोक नांवें ठेवतात. पण श्रावणांतल्या ढगाळ सकाळीं दालनांत जो मऊ, सारखा उजेड पसरतो, तसा उजेड मे महिन्यांत शोधूनहि सांपडत नाहीं. आजकाल एकाच जागेवरून कमीअधिक उजेडाचीं तीन-चार चित्रें घेऊन संगणकावर त्यांचा मिलाफ करतां येतो. सोय मोठी आहे. पण तिचा अतिरेक झाला कीं सगळें दालन लग्नमंडपासारखें एकजात उजळतें. जेथें सावलीच उरली नाहीं, तेथें खोलीची खोली तरी कशी कळावी?

दुसरी गोष्ट वेळेची. दालनाचें जवळचें टोंक आणि दूरचें टोंक दोन्ही स्पष्ट यावयाचीं तर भिंगाचें छिद्र बारीक करावें लागतें, आणि छिद्र बारीक केलें कीं उजेडास अधिक वेळ द्यावा लागतो. छिद्र चारच्या आंकड्यावर असतांना जें चित्र एका सेकंदांत येतें, तें सोळाच्या आंकड्यावर यावयास सोळा सेकंद लागतात. एवढा वेळ कॅमेरा हातांत धरून भागत नाहीं, तिवई पाहिजे. या दीर्घ वेळांत दालनांतून कोणी चालत गेलें, तर त्याची धूसर छाया उमटते, किंवा कांहींच उमटत नाहीं. जुन्या चित्रांतले महाल निर्मनुष्य दिसतात त्याचें हेंहि एक कारण आहे. माणसें असत, पण तीं हलत असत. आणि जो हलला तो पुसला गेला.

तिसरी गोष्ट ओळंब्याची. उंच छत चित्रांत आणण्यासाठीं कॅमेरा वर उचलला कीं, दोन्हीकडचे खांब एकमेकांवर कलंडूं लागतात. गवंड्याला जसा ओळंबा, तशी छायाचित्रकाराला कॅमेऱ्याची समपातळी. जुन्या लांकडी कॅमेऱ्यांत भिंगाची पाटी तेवढी वर सरकवितां येई. आज हा दोष संगणकावर सुधारतां येतो. परंतु मुळांतच कॅमेरा सरळ धरण्याची संवय अधिक चांगली. त्याचप्रमाणें रुंद दृष्टीचें भिंग लावून लहान खोलीचा महाल करूं नये. त्या भिंगानें कडेची खुर्ची ताणली जाते आणि समोरची भिंत दूर पळते. घरें विकणारे दलाल असलीं चित्रें खुशाल वापरोत. ज्याला वास्तूचें खरें रूप ठेवावयाचें आहे त्यानें तीं टाळावीं.

चौथी गोष्ट कृत्रिम उजेडाची. १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमची झगझगीत पूड निघाली आणि अंधाऱ्या जागा क्षणांत उजळूं लागल्या. पण त्या उजेडाबरोबर धूर होई, आगीचें भय असे, आणि चित्रांत सर्व वस्तु समोरून थप्पड बसल्यासारख्या सपाट दिसत. आजचा फ्लॅश धूर काढीत नाहीं, तरी सपाटपणा तोच. आरसे आणि झुंबरें असलेल्या दालनांत तर तो हटकून दगा देतो: महालाऐवजीं आरशांत आपला स्वतःचाच चमकता ठिपका येऊन बसतो.

धीर धरणाऱ्याची कला

हीं सारीं गणितें पाठ केलीं म्हणजे चित्र बिनचूक येईल. कलापूर्ण येईलच असें नाहीं. तें कसें यावें, याचें उत्तम उदाहरण इंग्लंडांतील फ्रेडरिक एव्हान्स याचें आहे. हा मूळचा पुस्तकविक्या. त्यानें मोठमोठ्या कॅथीड्रलांच्या अंतरंगांचीं छायाचित्रें काढण्याचें व्रत घेतलें. वेल्स येथील कॅथीड्रलांतल्या एका जिन्याचें त्यानें १९०३ सालीं काढलेलें चित्र जगप्रसिद्ध आहे. शेंकडों वर्षे पावलांनीं झिजलेल्या त्या पायऱ्या चित्रांत समुद्राच्या लाटांसारख्या वर चढत जातात, आणि वरच्या दारांतून उजेड येतो. चित्रांत वैभवाची एकहि वस्तु नाहीं. आहेत त्या झिजलेल्या पायऱ्या. पण त्या पाहतांना तेथून गेलेल्या पिढ्यांचीं पावलें आठवल्याशिवाय राहत नाहींत.

एव्हान्स एखाद्या इमारतींत जाऊन प्रथम दिवसच्या दिवस नुसता हिंडत असे. कोणत्या प्रहरीं ऊन कोठें पोहोंचतें, कोणत्या खांबाची सावली कोठपर्यंत सरते, हें पाहून मग तो तिवई मांडी. प्लॅटिनमच्या कागदावर तो आपलीं चित्रें छापी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो कागद महाग व दुर्मिळ झाला तेव्हां त्यानें छायाचित्रणच सोडून दिलें. इतका तो आपल्या कलेविषयीं कडवा होता.

अलीकडचें उदाहरण रॉबर्ट पोलिडोरी याचें. १९८० च्या दशकापासून पुढें अनेक वर्षे त्यानें व्हर्सायच्या राजवाड्याची दुरुस्ती चालू असतांना त्याचीं अंतरंगें टिपलीं. सोनेरी महिरपींच्या शेजारीं उखडलेली भिंत, टेकून ठेवलेली राजाची तसबीर. सजलेल्या राजवाड्यापेक्षां हा उघडा पडलेला राजवाडा अधिक बोलका आहे.

परळच्या दालनांत काय पाहावें

हीच दृष्टि घेऊन परळच्या वाड्यांत कोणी कलावंत शिरला तर त्यानें काय शोधावें? झुंबरें शोधूं नयेत. राजविलास तेथून केव्हांच उठून गेला. शोधावा तो एका काळावर चढलेला दुसरा काळ. प्रार्थनामंदिर म्हणून बांधलेल्या दालनाची उंची व लांबी, आणि त्याच दालनाचा पुढें झालेला उपयोग, या दोहोंमधला विरोध एका चौकटींत यावा. मेजवानीला निघालेल्या मडमांच्या झग्यांसाठीं रुंद ठेवलेला जिना आणि त्यावरून वर जाणारा पांढऱ्या कोटांतला संशोधक. जाड भिंतींत खोल बसलेली खिडकी, आणि तिच्यांतून तिरपा येणारा उजेड. तो उजेड मात्र पाद्र्यांच्या वेळीं, गव्हर्नरांच्या वेळीं आणि हाफकिनच्या वेळीं एकच होता.

ही संस्था आजहि संशोधनाचें ठिकाण आहे. तेथें मनास येईल तेव्हां शिरून चित्रें काढतां येत नाहींत, आणि येऊंहि नयेत. रीतसर परवानगी मागून, काम करणाऱ्यांस त्रास न देतां, ठरल्या वेळीं जावें. १८९६-९७ च्या प्लेगांत मुंबईंतल्या इस्पितळांचीं, घरें धुवून काढणाऱ्या पथकांचीं व रोग्यांच्या खाटांचीं छायाचित्रें काढलीं गेलीं. त्यांचे संग्रह विलायतेंत आहेत आणि आज संशोधक त्यांवरून त्या साथीचा इतिहास लिहीत आहेत. चित्र काढणाऱ्यांना त्या वेळीं आपण इतिहास लिहीत आहोंत असें वाटलेंहि नसेल. एका ओळीच्या नोंदीसह जपून ठेवलेलें साधें चित्रसुद्धां शंभर वर्षांनीं दस्तऐवज ठरतें.

आणि आपलें घर?

येथवर वाचून कोणी म्हणेल, राजवाड्यांच्या गोष्टी आम्हांस काय होत? आम्ही गिरगांवच्या चाळींत वाढलेले, दादरच्या दोन खोल्यांत संसार केलेले. पण विचार करूं गेल्यास शनिवारवाड्याची गत आज आपल्या घरांची होत आहे, आणि ती आगीवांचून होत आहे. गिरगांवांतल्या किती वाड्या व चाळी गेल्या कांहीं वर्षांत पाडल्या गेल्या! १९२० च्या दशकांत वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग येथें बांधलेल्या बी. डी. डी. चाळी पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या होत आहेत. नवें घर मिळावें, त्यांत हवा-उजेड असावा, पाणी घरांत यावें, हें योग्यच आहे. त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. हळहळ एवढ्याचीच कीं, ज्या खोलींत तीन पिढ्या जन्मल्या व वाढल्या, तिचें एकहि धड चित्र घरांत नसतें.

आपल्या घरचा छायाचित्रांचा संग्रह उघडून पाहावा. मुंज आहे, लग्न आहे, डोहाळजेवण आहे, बारसें आहे. सगळीं माणसें कॅमेऱ्याकडे पाहून बसलेलीं. स्वयंपाकघर त्यांत आहे काय? देव्हारा आहे काय? रात्रीं जेथें ओळीनें अंथरुणें पडत ती बाहेरची खोली, चाळीची सामाईक गॅलरी, आजोबांची आरामखुर्ची ठेवण्याची जागा? दीनदयाळांच्या धन्यांप्रमाणें आपणहि दिवाणखानाच तेवढा दाखविला आणि मुदपाकखाना झांकून ठेविला. घरांतल्या बायकांचें निम्मे आयुष्य ज्या चार भिंतींत गेलें, त्या भिंतीच नेमक्या चित्रांत नाहींत.

हें काम आतां अवघड राहिलेलें नाहीं. दीनदयाळांना जड कांचपट वाहावे लागत. आज घरांतल्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलाच्या खिशांतला मोबाईल पुरेसा आहे. सकाळची वेळ निवडावी. विजेचे दिवे मालवावे व खिडक्यांचाच उजेड राहूं द्यावा. मोबाईल हातांत न धरतां स्टुलावर चार पुस्तकें रचून त्यांवर सरळ टेकवावा आणि दारांत उभें राहून पाहुण्याला जशी खोली दिसते तशी ती प्रथम टिपावी. मग जवळ जावें: देव्हाऱ्याची कमान, माळ्यावर जाणारी शिडी, पावलांनीं गुळगुळीत झालेला उंबरठा, आजीच्या हाताच्या उंचीवर ठोंकलेली खुंटी. मुख्य म्हणजे चित्रापूर्वीं घर आवरावयास घेऊं नये. आवरलेलें घर पाहुण्यांसाठीं असतें. नातवंडांसाठीं घर नेहमीं जसें असतें तसेंच ठेवावें.

चित्रें मोबाईलमध्यें राहूं देऊं नयेत. तेथून तीं केव्हां नाहींशीं होतील याचा नेम नाहीं. निवडक दहा-बारा चित्रें चांगल्या कागदावर छापून त्यांच्या दोन प्रती कराव्या व त्या दोन निराळ्या घरीं ठेवाव्या. प्रत्येकीच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें तारीख लिहावी, खोली कोणती तें लिहावें, आणि वडील मंडळींस जवळ बसवून त्या खोलींत कोण झोंपत असे, कोण अभ्यास करीत असे, कोणाचें बाळंतपण तेथें झालें, हें विचारून टिपून ठेवावें. शाईनें लिहूं नये, ती पुढच्या बाजूस उमटते. हें सगळें काम एका रविवारचें आहे, आणि त्यांत सून, नातू, आजी अशा सर्वांना भाग घेतां येतो.

घर खालीं करण्याची नोटीस हातीं पडल्यावर या कामाला वेळ मिळत नाहीं. तेव्हां सामान बांधावयाचें असतें आणि मनहि ठिकाणावर नसतें. म्हणून घर भरलेलें आहे, माणसें आहेत, देव्हाऱ्यांत निरांजन तेवत आहे, तोंवरच हें काम करून घ्यावें.